डोकं पुन्हा पुन्हा धरतंय? अर्धशिशीचं निमित्त शोधायचा क्रम

हे दुखणं ओळखायचं कसं

डोक्याची एक बाजू ठणकते, कधी दोन्ही. जिना चढलं, वाकून बादली उचलली की ठणका वाढतो. मळमळतं, उलटी होते. ट्यूबलाइट डोळ्यांत खुपते, कुकरची शिट्टी नकोशी होते, खोलीत अंधार करून पडून राहावंसं वाटतं. गोळी घेतली नाही तर हे 4 तासांपासून 72 तासांपर्यंत चालतं. काहींना डोकं धरण्याआधी डोळ्यांपुढे चकाकत्या नागमोडी रेषा दिसतात. त्या पाच मिनिटं ते तासभर टिकतात. आणखी काही खुणा आदल्या दिवसापासूनच असतात, पण त्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही: जांभयांवर जांभया, आखडलेली मान, उगाच चिडचिड, गोड खायची ओढ. या खुणा लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

महिन्यातले 15 किंवा जास्त दिवस डोकं दुखतंय, त्यातले निदान 8 दिवस वर लिहिलंय तसे जातात आणि हे तीन महिन्यांहून जास्त चाललंय, तर डॉक्टरांच्या भाषेत ती जुनाट अर्धशिशी, क्रॉनिक मायग्रेन. त्याहून कमी दिवस दुखत असेल तरी पुढचा क्रम तोच.

मी सोलापुरात मेडिकल चालवतो. डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. "मालक, डोकं परत धरलंय, नेहमीची द्या" हे वाक्य मी दिवसभर ऐकतो, आणि घरात बायकोलाही हाच त्रास आहे. नेहमीच्या गिऱ्हाइकांबरोबर बसून कारण शोधता शोधता एक क्रम बसला. जे फुकट आहे ते आधी, खर्चाचं आणि अवघड ते शेवटी.

आपल्याकडे या दुखण्याला दोन चुकीची नावं मिळतात. एक पित्त, दुसरं सायनस. उलटी झाल्यावर बरं वाटतं म्हणून पित्त ठरवलं जातं आणि वर्षानुवर्षं पित्ताच्या गोळ्या चालतात. उलटी हा अर्धशिशीचाच भाग आहे. अर्धशिशीचा झटका आला की पोटाचं काम मंदावतं, म्हणून तर उशिरा घेतलेली गोळी लागू पडत नाही. पित्ताच्या बऱ्याच गोळ्यांच्या माहितीपत्रकात दुष्परिणाम म्हणून डोकेदुखीच छापलेली असते, ते कुणी वाचत नाही. सायनसचं म्हणाल तर ताप नाही, नाकातून पिवळा-हिरवा शेंबूड नाही आणि कपाळ मात्र महिन्यातून चारदा ठणकतं, असं असेल तर ते सायनस असण्याची शक्यता कमीच.

इथे थांबा, पुढे वाचू नका

खालचं काही असेल तर वही-बिही काही नाही, सरळ दवाखाना. रात्र असेल तर 108 ला फोन.

एका मिनिटाच्या आत टोकाला पोचलेली, आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी. हात-पाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, बरळणं, फिट येणं. तापाबरोबर मान ताठ होणं. डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेलं दुखणं. एक डोळा लाल होऊन दुखतोय आणि नजर कमी झालीय. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने सुरू झालेली डोकेदुखी.

त्याच दिवशी नाही, पण त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचे ते असे: पन्नाशीनंतर पहिल्यांदाच डोकं दुखायला लागलंय, खोकलं किंवा आडवं झालं की वाढतंय, किंवा जुन्या दुखण्याची तऱ्हाच अचानक बदललीय. कॅन्सरचे किंवा एचआयव्हीचे उपचार चालू असलेल्यांनीही थांबू नये.

पहिली तपासणी: गोळ्यांचे दिवस मोजा

याला पैसे लागत नाहीत आणि माझ्या काउंटरवर दोष सगळ्यात जास्त वेळा इथेच सापडतो. विडीच्या कारखान्याला माल देणाऱ्या एक अक्का नेहमी दोन पाकिटं न्यायच्या. विचारलं, "अक्का, महिन्यात किती लागतात?" तर म्हणाल्या, "मोजून कोण खातंय ओ मालक, दुखलं की खायची." मग पर्स उघडली. एका कप्प्यात अर्धी संपलेली स्ट्रिप, दुसऱ्यात तीच, चाव्यांच्या जुडग्याखाली आणखी चार सुट्या गोळ्या, फॉइल फाटून पावडर झालेल्या. जवळपास रोजचा डोस होता.

मोजायचे ते दिवस, गोळ्या नाही. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन यांसारखी एकेरी वेदनाशामकं महिन्यात 15 किंवा जास्त दिवस. आणि कॅफीन वगैरे घातलेल्या मिश्र गोळ्या, अर्गोटामाइनच्या गोळ्या, ट्रिप्टान (खास अर्धशिशीच्या गोळ्या), ट्रामाडॉल किंवा कोडीन 10 किंवा जास्त दिवस. असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की गोळीच डोकेदुखी चालू ठेवते. सवय झालेल्या मेंदूला औषध उतरलं की दुखतं, दुखलं की पुन्हा गोळी, आणि हे चक्र आपणहून थांबत नाही. हे चक्र चालू असेपर्यंत बाकीची निमित्तं शोधून उपयोग नाही, कारण रोजच्या दुखण्यात कुठलंच निमित्त वेगळं दिसत नाही. म्हणून ही तपासणी पहिली.

स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात. दिसत नसतील तर मोबाइलने फोटो काढून मोठं करून बघा. "कॅफीन" किंवा "अर्गोटामाइन" दिसलं तर तुमची मर्यादा 10 दिवसांची. अर्गोटामाइन तर बीपी, हृदयाचा विकार किंवा गरोदरपण असताना घ्यायचंच नाही, आणि काही अँटिबायोटिकांबरोबर ते धोक्याचं ठरतं. हे औषध शेजारणीकडून उसनं आणायचं नसतं.

मर्यादा ओलांडलेली निघाली तर बंद करायचं, पण डॉक्टरांना सांगून. बंद केल्यावर पहिले काही दिवस, साधारण दोन ते दहा, दुखणं वाढतं, आणि बहुतेक जण तिथेच हार मानून परत माझ्याकडे येतात. डॉक्टर त्या दिवसांपुरतं दुसरं औषध देऊ शकतात. ट्रामाडॉल, कोडीन किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर त्या एकदम तोडायच्या नाहीत, हळूहळू कमी करायच्या, आणि तेही डॉक्टरांच्या देखरेखीत. पुढचा नेम म्हणून आठवड्यात दोन दिवसांच्या वर वेदनाशामक नको. माझा गल्ला त्याने कमी होतो, होऊ दे.

दुसरी तपासणी: कालनिर्णय

वेगळी वही आणली की ती आठवड्यात हरवते. दुधाचा हिशेब, गॅसची तारीख लिहितो त्याच भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहा. दुखलं त्या दिवशी ठिपका, गोळी घेतली तर फुली. त्याखाली चार अक्षरं पुरेत: झोप कमी-जास्त, जेवण टळलं, ऊन, पाळी. निदान दोन महिने.

डोकं दुखलं नाही त्या दिवसांचंही लिहायचं. लोक हे करत नाहीत, आणि नेमकी यातच गोम आहे. समजा वांग्याच्या भाजीवर संशय आहे. दुखलं त्या दिवशीच आठवून बघितलं तर वांगं हमखास सापडतं, कारण आपल्याकडे वांगं आठवड्यात दोनदा होतंच. पण वांगं खाल्लेल्या आठ दिवसांपैकी सहा दिवस काहीच झालं नाही, हे लिहिलं तरच कळतं. नाहीतर बिचारं वांगं फुकट बदनाम.

दुसरं असं की निमित्त एकटं क्वचित येतं. बॅरल भरलेलं असेल तर शेवटच्या तांब्याने पाणी सांडतं, आणि शिव्या त्या तांब्याला बसतात. आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेहून आल्यावर डोकं धरलं की दोष भज्यांना. त्या दिवशी दुपारचं जेवण टळलं होतं, मध्यरात्रीपर्यंत जागरण होतं, पाळण्यांचे लखलखते दिवे, भोंगे आणि धूळ होती, हे कुणी धरत नाही. म्हणून ठिपक्याच्या आधीचे दोन दिवस बघायचे आणि एक नाव शोधण्याऐवजी कोणत्या गोष्टी जोडीने येतात ते शोधायचं.

तिसरी: झोप, आणि पाण्याची रात्र

अर्धशिशीवाल्या मेंदूला बदल सोसत नाही. कमी झोप जशी, तशी रविवारी दहापर्यंत ताणलेली झोपही. सुट्टीच्याच दिवशी डोकं का दुखतं, याचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं चहात आहे, ते पुढे येईल.

आपल्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि कित्येक भागांत रात्री-अपरात्री. घरातली एकच व्यक्ती उठते, बहुधा बाईच. मोटर लावायची, टाकी, पिंप, हंडे भरायचे, दारात सांडलेलं पुसायचं, मग दोन तास डोळा लागत नाही. माझ्या सौच्या कालनिर्णयवर पाण्याच्या दिवशी निळा गोल काढला, तर बरेच ठिपके गोलाच्या दुसऱ्या दिवशी सापडले. तोपर्यंत तिचा सगळा संशय आंबट दह्यावर होता. उपाय साधा: उठायची पाळी घरात वाटून घ्यायची. ते जमत नसेल तर त्या रात्री लवकर झोपायचं आणि सकाळी नेहमीच्या वेळेलाच उठायचं, झोपेची भरपाई दुपारी अर्ध्या तासात करायची.

यंत्रमागावर किंवा एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्यांना एवढा सरळ उपाय नाही. शिफ्ट दर आठवड्याला बदलण्याऐवजी महिनाभर एकच मागता आली तर मागून बघा. आणि घोरणं, झोपेत श्वास अडकणं, सकाळी उठतानाच डोकं जड असणं, हे तिन्ही असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा. झोपेत श्वास थांबण्याचा आजार वेगळा तपासावा लागतो.

चौथी: रिकामं पोट

चतुर्थी, एकादशी, गुरुवार, श्रावणी सोमवार, नवरात्र, रोजे. उपास सोडा असं मी कुणाला सांगत नाही, सांगितलं तरी कुणी ऐकत नाही. पण दिवसभर नुसता चहा आणि रात्री एकदम साबुदाणा खिचडी, हा उपास डोक्याला सोसत नाही. राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाणे, ताक, केळं असं दर तीन-चार तासांनी थोडं घेतलं तर उपासही राहतो आणि डोकंही. रोजा असेल तर सहेरी चुकवायची नाही आणि त्या वेळी पाणी भरपूर. निरंकार उपास करणाऱ्यांनी आणि कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांनी कालनिर्णयवर तो दिवस ठळक करावा. रात्रभर चाल, जागरण, घाम आणि अर्धपोटी, सगळं एका रात्रीत. सोबत पाणी, मीठ-साखर आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेली एक गोळी असू द्या.

उपासाशिवायही जेवण टळतंच. दुकानदार तीन वाजता जेवतो आणि चारला डोकं धरून बसतो. माझ्या गल्लीत असे बरेच आहेत.

पाचवी: चहा

कॅफीनची सवय झालेल्या शरीराला ते वेळेवर मिळालं नाही की 12 ते 24 तासांत डोकं दुखायला लागतं. दुकानावर सहा कटिंग पिणारा रविवारी घरी दोनच कप पितो आणि संध्याकाळी पडून राहतो. इथे दोन रस्ते आहेत: रोज ठरलेल्या वेळी ठरलेले दोन कप, किंवा पूर्ण बंद. बंद करायचा तर आठवड्याला एक कप या हिशेबाने कमी करा. आज सहा आणि उद्या शून्य केलंत तर परवा तुम्ही गोळीसाठी माझ्या दारात असाल, आणि त्या मिश्र गोळीत पुन्हा कॅफीनच असेल.

सहावी: ऊन, वास, आवाज, ओले केस

एप्रिल-मेमध्ये आपला पारा 42 च्या पुढे जातो, तेव्हा अकरा ते चार बाहेरची कामं टाळायची, हे सांगायला मेडिकलवाला नको. गाडीवर पांढरा रुमाल, गॉगल, बाटली. गॉगल घरात मात्र काढायचा. सतत काळोखाची सवय लागली की डोळे साध्या उजेडालाही जास्तच घाबरतात.

वासांचं शहराच्या पूर्वभागात, विड्या आणि मागांच्या वस्तीत, विशेष. तंबाखू, कापडाच्या रंगाचा वास, घरात फोडणीचा ठसका, धूप, उग्र अत्तर. विड्या वळताना खिडकी उघडी असावी आणि मान तासन्‌तास खाली राहू नये, दर अर्ध्या तासाने उठावं. मागांच्या खडखडाटात काम असेल तर कानात फोमचे बोळे घाला, मेडिकलमध्ये स्वस्तात मिळतात. मिरवणुकीतल्या डीजेला तेवढे पुरत नाहीत, तिथून लांब राहणंच बरं.

बायकांनी आणखी एक बघावं. डोक्यावरून अंघोळ करून ओले केस तसेच आवळून बांधले की काहींचं डोकं हमखास धरतं. भारतीय बायकांमध्ये डॉक्टरांनी नोंदलेलं हे निमित्त आहे. केस संध्याकाळी न धुता सकाळी धुवा, पूर्ण वाळेपर्यंत मोकळे ठेवा, आणि महिनाभर फरक बघा.

सातवी: खाणं, आणि ते मुद्दाम इतक्या उशिरा

लोक इथून सुरुवात करतात, म्हणून फसतात. शेंगाचटणी बंद, दही बंद, टोमॅटो बंद, हरभऱ्याची डाळ बंद. शेवटी ताटात नुसती भाकरी उरते आणि डोकं दुखतंच. वर सांगितलेली गोड खायची ओढ आठवा. झटका आदल्या दिवशीच सुरू झालेला असतो, त्याच्या भरात माणूस चॉकलेट किंवा जिलेबी खातो, आणि दुसऱ्या दिवशी जिलेबीला जबाबदार धरतो. जिलेबी कारण नसून बऱ्याचदा लक्षण असते.

संशय धरण्यासारखं त्यातल्या त्यात काय? दारू, सगळ्यात आधी. मग खूप मुरवलेलं चीज आणि डबाबंद, प्रक्रिया केलेलं मांस. सोलापुरी ताटात हे दोन्ही तसं कमीच. चायनीजच्या गाडीवरच्या अजिनोमोटोबद्दल बोललं खूप जातं, पुरावा मात्र कच्चा आहे. कालनिर्णयवर एखादा पदार्थ खरंच वारंवार दिसला तर तो एकटाच चार आठवडे बंद करा, बाकी काही बदलू नका, मग पुन्हा खाऊन बघा. परत खाल्ल्यावर दोन-तीनदा डोकं धरलं तरच त्याला दोषी धरायचं. गरोदर बायकांवर आणि वाढत्या मुलांवर हे प्रयोग नकोत.

आठवी: थोडा खर्च

बीपी मोजून घ्या. थोड्या वाढलेल्या बीपीने सहसा डोकं दुखत नाही, पण पुढे कोणतं औषध चालेल हे त्यावर ठरतं. हिमोग्लोबिन बघा, अंगात रक्त कमी असेल तर बॅरल आधीच अर्धं भरलेलं असतं. चष्म्याचा नंबर तपासा. नंबर बदलून अर्धशिशी जाते असं नाही, पण डोळ्यांवरचा ताण कमी होतो.

ठिपके पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत दाटत असतील तर इस्ट्रोजेन हे बायकांच्या शरीरातलं हार्मोन उतरल्याने ते होतंय. हे निमित्त टाळता येत नाही. त्याच दिवसांपुरतं औषध डॉक्टर ठरवून देतात. इथे एक गोष्ट निक्षून सांगतो: डोळ्यांपुढे नागमोडी रेषा येणारी अर्धशिशी असेल तर इस्ट्रोजेनची गर्भनिरोधक गोळी घेऊ नका. तिने पक्षाघाताचा धोका वाढतो. आधीच चालू असेल तर याच आठवड्यात डॉक्टरांना भेटून बदलून घ्या.

आता डॉक्टरांकडे

वरचं सगळं नीट करूनही महिन्यात चार किंवा जास्त दिवस आडवं पडावं लागतंय तर घरचे प्रयोग थांबवा. पंधरा दिवसांच्या घरात असाल तर दोन महिने कालनिर्णय भरत बसू नका, पहिल्या तपासणीनंतर लगेच जा. आधी फॅमिली डॉक्टर किंवा सिव्हिलची मेडिसिन ओपीडी, त्यांनी सांगितलं तर न्यूरॉलॉजिस्ट. जाताना कालनिर्णयची पानं आणि रिकाम्या स्ट्रिपा पिशवीत टाका, "पांढरी गोल गोळी" सांगून कुणाला काही कळत नाही. एमआरआयचा हट्ट धरू नका. दुखण्याची तऱ्हा ठरावीक असेल आणि तपासणीत काही निघालं नाही तर बहुतेकांना तो लागत नाही.

डॉक्टर जे रोजचं औषध देतील ते झटका येऊ नये म्हणून असतं, दुखणं थांबवण्यासाठी नाही. प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन, फ्लुनारिझिन, टोपिरामेट ही त्यातली नेहमीची. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल लिहायच्या आधीच सांगा. मूल होण्याची शक्यता असलेल्या बाईने टोपिरामेट आणि याच कामाचं आणखी एक औषध व्हॅल्प्रोएट यांबद्दल स्पष्ट विचारावं, दोन्ही गर्भाला घातक आहेत. या गोळ्यांनी जमलं नाही तर जुनाट अर्धशिशीसाठी बोटॉक्सची इंजेक्शनं आणि सीजीआरपी (झटक्यात दुखणं वाढवणारा शरीरातलाच एक पदार्थ) रोखणारी नवी औषधं आहेत, महाग आहेत.

या औषधांचा गुण कळायला दोन-तीन महिने लागतात. आठ दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडलेली पाकिटं माझ्याकडे परत येतात आणि फोडलेलं पाकीट मी घेऊ शकत नाही. औषध चालू असतानाही ठिपके आणि फुल्या चालू ठेवा. तिसऱ्या महिन्याला डॉक्टर आधी विचारणार ते हेच: पूर्वी किती दिवस दुखायचं, आता किती दिवस दुखतं.